डॉक्टर लिव्हिंग्स्टन, त्यांचे कुटुंब व नाशिकचे सोबती

पावसाळा सरू लागला म्हणजे नांदेड व लातूर ह्या आपल्या भागांतील खेड्यांतून तापाचे दिवस येतात, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी ज्याच्या घरी मूल तापाने फणफणले आहे तो शेजारी रात्री उपदेशकाचे दार ठोठावतो. उपदेशक काही डॉक्टर नव्हे; तरी तो उठतो व अंधारातून त्याच्यामागे जातो. त्याची पत्नी घरी राहते, आणि कधी कधी तिच्या कुशीतील मुलाचेही अंग तापलेले असते. त्या वेळी त्या दोघांच्या मनांत काय येत असेल ते आम्ही जाणतो. म्हणून आज आम्ही जे चरित्र सांगत आहो ते केवळ एका थोर पुरुषाची कीर्ती गाण्यासाठी नव्हे. आफ्रिकेचे प्रसिद्ध मिशनरी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन व त्यांची पत्नी मेरी ह्यांनी हाच प्रसंग वर्षानुवर्षे सोसला. आणि त्यांच्या कथेच्या शेवटी आपल्या गोदावरीकाठच्या नाशिकास वाढलेले तरुण उभे आहेत.

डेव्हिड ह्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंड देशातील ब्लँटायर गावी झाला. आईबाप देवभीरू, परंतु गरीब. दहाव्या वर्षी मुलास कापसाच्या गिरणीत कामास जावे लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम असे. पहिल्या पगारातून त्याने लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले, आणि सूत काढावयाच्या यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून तो येता जाता एकेक वाक्य वाची. पुढे त्याने ग्लासगो शहरी वैद्यकाचा अभ्यास केला. चीन देशास जावे अशी त्याची इच्छा होती. परंतु तेथे अफूचे युद्ध पेटल्यामुळे ती वाट बंद झाली. लंडन मिशनरी सोसायटीने त्यास दक्षिण आफ्रिकेस पाठविले. १८४० च्या डिसेंबरात तो निघाला व १८४१ च्या जुलै महिन्यात कुरुमान येथे पोहोचला. तेथे रॉबर्ट मॉफट हे वडीलधारे मिशनरी पुष्कळ वर्षे काम करीत होते.

१८४४ साली माबोत्सा गावी डॉक्टरांवर सिंहाने झडप घातली. त्यांच्या डाव्या दंडाचे हाड चुरले. मेबाल्वे नावाच्या तद्देशीय शिक्षकाने सिंहाचे लक्ष आपणाकडे ओढून त्यांचा जीव वाचविला व त्यात तो स्वतः जखमी झाला. डॉक्टरांचा दंड पुढे कधीच नीट सांधला नाही. वाचकांनी ही खूण ध्यानात ठेवावी. शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

ह्या जखमेतून बरे होत असता त्यांचा मॉफटसाहेबांची वडील कन्या मेरी हिच्याशी विवाह ठरला, व १८४५ च्या जानेवारीत लग्न लागले. मेरी आफ्रिकेतच जन्मलेली. तिला तेथील लोकांची भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली होती. पुढे कोलोबेंग येथे दोघांनी घर केले. घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. डॉक्टर सुतार, लोहार, माळी, उपदेशक व वैद्य असे सर्व काही होते. मेरीबाई साबण करी, मेणबत्त्या ओती, लोणी काढी, कपडे शिवी, भाकरी भाजी, आणि दुपारच्या उन्हात लहान मुलांची शाळा भरवी. ज्या कामास पुढे कोणी नाव दिले नाही ते काम तिचेच होते.

त्या देशी वैद्यकी करणे म्हणजे काय, हेही ऐकावे. दवाखाना नाही, खाटा नाहीत, मदतनीस नाही. औषधांची एक पेटी, थोडी हत्यारे, स्वच्छ पाणी व धीर एवढेच. गावच्या वैद्याच्या हाताखाली असलेल्या रोग्यास त्याच्या संमतीवाचून ते हात लावीत नसत. तो वैद्य बोलावी, किंवा त्याने आशा सोडलेली असे, तेव्हाच ते जात. त्यामुळे त्यांचे व वैद्यांचे वैर झाले नाही. एकदा एका स्त्रीच्या हातावरील गाठ कापून काढीत असता रक्ताची चिळकांडी डॉक्टरांच्या डोळ्यांत उडाली. तेव्हा ती बाई त्यांस हसत म्हणाली की, आतापर्यंत तुम्ही स्नेही होता, आता रक्ताचे नातलग झालात. आम्हांस वाटते की वैद्याची ह्याहून मोठी पदवी नाही.

हिवतापावर त्यांनी कोयनेल हेच मुख्य औषध मानले. त्यात रेवाचिनी, जुलाबाचे एक मूळ व पाऱ्याचे एक औषध मिसळून ते गोळ्या करीत. कोयनेल भरपूर व वेळेवर दिले पाहिजे हा त्यांचा अनुभव होता, व तो खरा ठरला. पारा मात्र शरीरास घातक आहे हे आज सर्वांस ठाऊक आहे. ताप कशाने येतो हे त्या काळी कोणासच कळले नव्हते. दलदलीच्या दूषित हवेने येतो अशी समजूत होती. ज्या ठिकाणी डास फार त्या ठिकाणी ताप फार, एवढे डॉक्टरांनी टिपून ठेवले. परंतु कारण त्यांच्या हाती लागले नाही. ते रोनाल्ड रॉस ह्यांच्या हाती २० ऑगस्ट १८९७ रोजी लागले, आणि तेही सिकंदराबाद येथे, म्हणजे नांदेड व लातूर ज्या निजामी राज्यात तेव्हा होते त्याच राज्यात. डासाच्या पोटात त्यांस हिवतापाचे जंतू दिसले.

परंतु आपण कथेकडे वळू. १८५० साली डॉक्टर पत्नी व तीन मुलांसह उत्तरेकडील सरोवराच्या प्रदेशात गेले. तेथे दोन मुलांस कडक ताप आला. बापाने औषध देऊन ती वाचविली व सर्वजण घरी परतले. मेरीबाई गरोदर होती. त्याच ऑगस्टात तिला मुलगी झाली, तिचे नाव एलिझाबेथ. गावात फुप्फुसाच्या रोगाची साथ होती. ती तान्ही सहा आठवड्यांची होऊन वारली. मेरीबाईच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तरी पुढच्या वर्षी, ती पुन्हा गरोदर असता, डॉक्टर सर्वांस घेऊन त्याच वाटेने निघाले. सासूबाईंनी रागाने पत्र लिहून त्यांस दोष दिला. वाटेत पाणी संपले व मुले तहानेने रडू लागली. मेरीबाईने नवऱ्यास एका शब्दानेही बोल लावला नाही. तिचे डोळे मात्र भरून आले होते. पाणी वेळेवर मिळाले. पाचवे मूल परतीच्या वाटेवर नदीकाठी जन्मले.

१८५२ च्या एप्रिलात केप टाउन बंदरावरून मेरीबाई व चार मुले विलायतेस गेली. डॉक्टर एकटे आफ्रिकेच्या पोटात शिरले. त्यांनी पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत त्या खंडाची वाट शोधिली, तापाने अनेक वेळा झिजले, गुलामांच्या व्यापाराची भीषणता जगासमोर मांडिली, व १८५६ च्या डिसेंबरात परतले तेव्हा ते जगप्रसिद्ध झाले होते. त्या साडेचार वर्षांत मेरीबाई परक्या देशात भाड्याच्या खोल्यांतून फिरत होती. पैसा नव्हता. सासरच्यांशी तिचे जमले नाही. तिचे मन खचले, श्रद्धाही डळमळली. टाळ्या डॉक्टरांस मिळाल्या, एकांत तिला.

१८६२ च्या आरंभी ती पुन्हा नवऱ्यापाशी झांबेझी नदीवर आली. सामान वर नेण्यास वेळ लागला, व मंडळी नदीकाठच्या तापाच्या मुलुखात अडकून पडली. एप्रिलात तिला ज्वर चढला. ज्या औषधाने डॉक्टरांनी किती परक्यांस उठविले ते औषध तिच्या पोटात ठरेना. दर थोड्या वेळाने वांती होई. २७ एप्रिल रोजी शुपांगा येथे ती मरण पावली. एका मोठ्या गोरखचिंचेखाली तिला पुरिले. सिंहापुढे न डगमगलेला तो पुरुष लहान मुलासारखा रडला. वडील पुत्र रॉबर्ट बापापासून दुरावला होता. तो अमेरिकेतील यादवी युद्धात परक्या नावाने लढला व १८६४ साली शत्रूच्या कैदेत वारला. कोलोबेंग येथे असता मुलांबरोबर खेळावयास आपण थोडाही वेळ दिला नाही, ह्याचा डॉक्टरांस पुढे पस्तावा झाला.

ह्यात दोष कोणाचा? आम्ही न्यायाधीश नाही. त्यांच्या हाकेवरून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मोठी चळवळ उठली, हे खरे. त्या कार्याचे मोल त्यांच्या पत्नीने व मुलांनीही दिले, हेही तितकेच खरे. थोरांच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता आपला देश ह्या कथेत येतो. १८६४ साली डॉक्टरांनी आपली लहानशी आगबोट स्वतः चालवीत, जवळजवळ अडीच हजार मैल समुद्र ओलांडून, जूनमध्ये मुंबईस आणिली. बरोबर गुलामगिरीतून सुटलेला चुमा नावाचा मुलगा होता. त्यास त्यांनी मुंबईस डॉक्टर विल्सन ह्यांच्या मिशनकडे शिकावयास ठेविले. पुढील वर्षी ते पुन्हा आले व नाशिकास गेले. तेथे शरणपूर ह्या ख्रिस्ती वसाहतीत, अरबांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाने विद्या व हुन्नर शिकत होती. त्यांतील नऊ तरुण डॉक्टरांबरोबर जावयास निघाले. १८६६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबई बंदरातून निघाली. त्या नऊंपैकी सर्वच टिकले असे नाही. काहींनी साथ सोडली. गार्डनरसारखे काही मात्र टिकले.

१८६७ च्या जानेवारीत दोन हमाल औषधांची पेटी घेऊन पळाले. जंगल, पाऊस, ताप, आणि कोयनेल नाही! त्या दिवशी आपणांस मरणाची शिक्षा झाली असे डॉक्टरांस वाटले. एका पेटीची किंमत काय असते हे त्या वेळी दिसले. तेव्हापासून त्यांचे शरीर ढासळत गेले. १८७१ साली स्टॅन्ले ह्यांनी त्यांस शोधून औषधे व अन्न दिले. परत चला म्हणून विनविले. ते गेले नाहीत. १८७२ साली नवी माणसे आली. त्यांत नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो ह्या सरदाराच्या गावी, आजच्या झांबिया देशात, पहाटे चाकरांनी झोपडीत पाहिले तो डॉक्टर खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थनेच्या स्थितीत मृत दिसले. पुढे जे झाले ते कोणी हुकूम दिल्यामुळे झाले नाही. शुपांगाचा सुसी, व मुंबईस शिकलेला चुमा, हे पुढारी झाले. सर्वांनी ठरविले की हा देह त्यांच्या लोकांस पोहोचवावयाचा. काळीज एका झाडाखाली पुरिले. जेकबाने प्रेतविधीची प्रार्थना वाचिली व झाडाच्या खोडावर नाव कोरिले. देहास मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत व कापडात गुंडाळून, सुमारे हजार मैल त्यांनी खांद्यावर वाहिला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने येथेच पुरा असे सुचविले. त्यांनी मानले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्रकाठी पोहोचले. विलायतेस डॉक्टरांनी तो देह ओळखला तो डाव्या दंडाच्या न सांधलेल्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर मंदिरात त्यास मूठमाती मिळाली, तेव्हा राजधानीतील थोर पुरुषांबरोबर जेकब वेनराइट हाही शवपेटीजवळ चालला.

बंधुभगिनींनो, जी गोदावरी नाशिकाजवळून वाहते तीच पुढे नांदेडास येते. तिच्या काठी अनाथ म्हणून आणलेल्या मुलांस कोणी अक्षर शिकविले, कोणी हातोडी धरावयास शिकविले. त्या शिक्षकांची नावे फार थोड्यांस ठाऊक आहेत. त्यांच्या कामाचे फळ मात्र सर्व जगाने पाहिले.

आज आपणांस डॉक्टरांपेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक आहे व अधिक मिळतेही. ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, औषध मिळेल ते पूर्ण घ्यावे, मध्येच सोडू नये. घराभोवती पाणी साचू देऊ नये. रांजण झाकावे व आठवड्यातून एकदा कोरडे करावे. मुलांस मच्छरदाणीत निजवावे. आणि मंडळीस आमची एक विनंती. तुमचा उपदेशक रात्री दुसऱ्याच्या आजाऱ्यापाशी बसला असेल, तेव्हा कोणी एक बहीण त्याच्या घरी जावो, आणि त्याच्या पत्नीस व मुलांस काय हवे नको ते विचारो. मेरीबाईस तसे विचारणारे कोणी असते, तर तिची ती वर्षे इतकी एकाकी गेली नसती.