आकाशवाणीच्या धूनमागचा ‘वाणी’

नगर जिल्ह्यातील सोनई असो वा मुंबईतील गिरगाव, एकेकाळी घरोघरी सकाळ उजाडत असे ती आकाशवाणीच्या संकेतधूनने. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी ती धून सर्वांच्या परिचयाची; ती ज्यांच्या नावे ओळखली जाते ते वॉल्टर काउफमान मात्र अनेकांना अपरिचितच राहिले.

‘काउफेन’ म्हणजे खरेदी करणे आणि ‘मान’ म्हणजे माणूस. काउफमान या जर्मन आडनावाचा अर्थ व्यापारी. आपल्याकडील ‘वाणी’चे जणू ते भावंडच. त्याचे मूळ ‘काउपो’ या लॅटिन शब्दापर्यंत जाते. किरकोळ विक्रेता किंवा खाणावळवाला असा त्याचा अर्थ. कोकणातील बेने इस्रायली ज्यूंनी किहीमकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे घेतली. हॅब्सबर्ग साम्राज्यातील ज्यूंना मात्र सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये कायमस्वरूपी आडनावे सक्तीची केली. काउफमान हे आडनाव ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन्ही कुटुंबांत आढळते. त्यावरून धर्म कळत नाही. नाझींनी मात्र तो आजी-आजोबांच्या नोंदींतून शोधला.

बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या वॉल्टर यांनी बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेतले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांचा प्रबंध पूर्ण झाला होता. पण आपले प्राध्यापक नाझी असल्याचे कळताच त्यांनी डॉक्टरेट नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईत आले. येथील संगीत प्रारंभी त्यांना परके वाटले. मात्र ते परके का वाटते, याचाच शोध त्यांनी घेतला. त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली आणि १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला.

पुढे कॅनडात विनिपेग सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालन करून ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर दक्षिणेतील रागांवरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

जीव वाचविण्यासाठी मुंबई गाठलेल्या या ‘वाण्या’ने जाताना येथील रागांची ओळख सोबत नेली आणि मागे ठेवली ती काही सेकंदांची धून. आडनावाला जागत त्यांनी हा व्यवहार चोख केला, असेच म्हणावे लागेल.