गुरांचा डॉक्टर आणि हवेचं चाक

टायर हा काय लेखाचा विषय झाला? मलाही परवापरवापर्यंत असंच वाटायचं.

कामशेतला लोकलमधून सायकल उतरवली आणि नाणे मावळातून वडिवळ्याच्या वाटेला लागले, तेव्हा मी भलतीच खुशीत होते. नवे कोरे टायर! २५ मिलिमीटर रुंद, गुळगुळीत, १०० पीएसआय हवा, टिचकी मारली तर टणटण वाजणारे. बारीक आणि कडक टायर जोरात पळतो हे आपल्याकडे कोणीही सांगेल. पण डांबर संपून धरणाकडची खडी-मुरमाची वाट लागली तशी माझी मस्ती उतरली. सायकल पुढे कमी आणि वर जास्त जात होती. हात बधिर, दात कडकड, आणि मामाचं घर दोन किलोमीटरवर असताना फुस्स! वर कडी म्हणजे मागून मामा त्याच्या जुन्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला खताचं पोतं बांधून, शीळ घालत आला.

रात्री ट्यूबला ठिगळ लावता लावता ठरवलं, ही हवेच्या टायरची कल्पना मुळात कोणाची ते शोधायचंच. निघाला कोण, तर एक गुरांचा डॉक्टर!

जॉन बॉइड डनलॉप. जन्म ५ फेब्रुवारी १८४०, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकऱ्याच्या घरात. एडिंबरोत शिकून एकोणिसाव्या वर्षी तो जनावरांचा डॉक्टर झाला. (आपण या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतो.) १८६७ मध्ये तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्टमध्ये त्याचा दवाखाना चांगला चालायला लागला. इंजिनियरिंगशी संबंध शून्य. घोडे तपासणे हे काम.

त्याला एक मुलगा होता, जॉनी, नऊ-दहा वर्षांचा. त्याची तीनचाकी होती आणि तिला भरीव रबराचे टायर होते. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर पोराची हाडं खिळखिळी व्हायची. बापाने १८८७ मध्ये यात लक्ष घातलं. रबराच्या पातळ पत्र्याची नळी केली, लाकडी चकतीच्या कडेला कापडात गुंडाळून ती बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग तीनचाकीचं भरीव टायरवालं चाक आणि ही चकती आळीपाळीने अंगणात घरंगळत सोडली. भरीव चाक अंगण संपायच्या आत आडवं झालं. हवेचं चाक टोकापर्यंत गेलं आणि तिथे आपटून उलटं फिरलं.

मला या माणसाच्या आयुष्यातलं हेच दृश्य सगळ्यात आवडतं. तो निघाला होता पोराचे धक्के कमी करायला, आणि हाताला लागला वेग! मऊ चाक आरामाचं असेल हे कोणालाही पटलं असतं, पण मऊ चाक जास्त लांब जातं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. कारण सोपं आहे. कडक चाक प्रत्येक खड्यावर स्वतःला आणि वरच्या माणसाला उचलतं, आणि उचलण्यात गेलेली ताकद हादऱ्यात वाया जाते. हवेचं चाक खडा पोटात घेतं आणि पुढे सरकतं. अर्थात फार मऊ केलं तर रबर सारखं चेपून-फुलून तापतं आणि स्वतःच ताकद खातं. आमच्या पुस्तकात त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. मी त्याला रबराची भूक म्हणते, कॉन्व्हेंटवालीला मराठीत एवढंच जमतं! म्हणजे रस्ता जितका खराब, तितका टायर रुंद आणि हवा कमी, पण बेताने.

७ डिसेंबर १८८८ ला डनलॉपला पेटंट मिळालं. (त्याच साली इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं होतं.) लोक त्या जाड्या टायरला हसले. पण १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हेच टायर लावून उतरला आणि जिंकला. हसणं बंद! हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉस नावाच्या व्यापाऱ्याची मुलं होती. बापाने मुलांना रागावण्याऐवजी टायरचीच कंपनी उभी केली.

टिकाऊपणाचं मात्र अवघड होतं. सुरुवातीचा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा. काठाला तार घालून काढता-घालता येणारा टायर १८९० मध्ये चार्ल्स वेल्चने केला, पुढच्या वर्षी मिशेलिन बंधूंनी आपला वेगळा प्रकार आणला. आतलं कापडही विणलेलं, त्याचे उभे-आडवे धागे एकमेकांना घासून तुटायचे. पुढे एका थरात एकाच दिशेचे धागे घालायला लागले, तेव्हा टायर टिकायलाही लागला आणि पळायलाही. हवा धरतात ते धागे, रबर फक्त दगडांचा मार खातं. हे मला टायर विकत घेताना माहीत असतं तर!

आणि मग वाईट बातमी. १८९० मध्ये कळलं की हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, तेविसाव्या वर्षी, घोडागाडीसाठी. तेव्हा आजच्यासारखी सायकल नव्हती म्हणून कल्पना विसरली गेली, आणि थॉमसन १८७३ मध्ये वारलाही. डनलॉपचं मूळ पेटंट रद्दबातल. कंपनी वेल्चसारख्यांची पेटंटं विकत घेऊन तगली. डनलॉप १८९५ मध्ये बाहेर पडला, आणि १८९६ मध्ये कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली! नाव जगभर त्याचं, संपत्ती दुसऱ्यांची. २३ ऑक्टोबर १९२१ ला तो डब्लिनमध्ये गेला. आपल्याकडे हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये निघाला, तो बघायला तो नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी मामाच्या घरापुढच्या उतारावर डनलॉपचाच प्रयोग केला. १०० पीएसआयवर पायडल न मारता सायकल सोडली, थांबली तिथे दगड ठेवला. मग हवा ७० वर आणली. तीन-तीन वेळा करून पाहिलं, कमी हवेवर सायकल दर वेळी दगडाच्या पुढे गेली. मामाची सायकल तर फारच पुढे, पण ती वजनदार, म्हणून निकालात धरली नाही. तिचा टायर मात्र वाकून वाचला. त्यावर २८ × १ १/२ छापलंय, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. खडीच्या रस्त्यासाठी म्हणून हल्ली ज्या महागड्या ग्रॅव्हल सायकली मिळतात, त्यांच्या टायरची रुंदीही बहुतेक तेवढीच!

माझ्या फोर्कात ३२ च्या पुढे काही बसत नाही, ब्रेक घासतो. तेव्हा ३२ चा घेणार आहे. मधोमध जवळजवळ गुळगुळीत, कडांना थोडी नक्षी, बाजूची भिंत लवचीक आणि फक्त मधे पंक्चर रोखणारी पट्टी. हवा साठच्या आसपास. पैसे जमेपर्यंत धरणाकडे जायला मामाची सायकल मागून घेतली आहे, परत येताना कामशेतहून खताचं पोतं आणायच्या अटीवर.