साडेअकरा पौंडांचा हिशेब

मोठ्या माणसांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. त्या मिळवताना फी कोणी भरली आणि खानावळीचे बिल कसे भागले, हे आपण सहसा विचारत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन असे जमाखर्चाच्या वहीतून पाहिले, की त्यांच्या बुद्धिमत्तेइतकीच आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. हे शिक्षण कितीतरी वेळा पैशापायी तुटता तुटता राहिले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९०७ साली मुंबईत मॅट्रिक झाले. वडील रामजी सुभेदार यांचे पेन्शन तुटपुंजे. इंटरनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातली बी. ए. ची पदवी पदरात पडली.

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले. घरचा कर्ता गेला की हुशार मुलाने मिळेल ती नोकरी धरायची, ही आपल्याकडची रीत. भीमराव बडोद्याच्या नोकरीत लागलेही होते. पण त्याच वर्षी बडोदे संस्थानाने अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राहून याच रकमेतून ते घरी रमाबाईंनाही पैसे पाठवीत. दोन ठिकाणची चूल एका शिष्यवृत्तीवर चालली, ती अर्थातच स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन.

१९१६ साली ते लंडनला आले, ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. एवढे मात्र बरे झाले, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडन विद्यापीठाने दिली. परतीचे ग्रहमानही वाईट. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या ‘सालसेट’ जहाजावर होती, ते टॉर्पेडोने बुडाले. नुकसानभरपाईचे ६०० रुपये आले, तेच बडोद्याच्या प्रवासाला कामी आले. बडोद्यात उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला.

दरवाजा उघडा होता, पण मुदतीचा. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांची प्राध्यापकी करत, परळच्या चाळीत काटकसरीने राहत त्यांनी पैसा साठवला. तरी बेरीज जुळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १५०० रुपये दिले आणि कोलंबियातले पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

पुढची अडचण कुणाच्याच हातातली नव्हती. १९२० च्या आरंभी रुपयाचा विनिमय दर खूप चढला होता, तो वर्षभरात कोसळला. बाबासाहेबांची शिल्लक रुपयांत आणि खर्च पौंडांत. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांकडे २०० पौंड कर्जाऊ मागितले. ज्या रुपयाने विद्यार्थ्याला गाठले, त्याच रुपयाच्या प्रश्नावर तो विद्यार्थी प्रबंध लिहीत होता! मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध फिरून लिहायला सांगितला, तोवर पैसे संपलेले. मुंबईला परतून त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. वकिलीची सनद काढायलाही हाती पैसा नव्हता. तिथेही भथेनाच धावले. कोलंबियाची पीएच. डी. तर छापील प्रबंध सादर होईपर्यंत अडून राहिली, ती १९२७ मध्ये हाती आली.

हे सोसलेला माणूस सत्तेच्या जागी गेला तेव्हा काय करतो? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होताच बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तिचे मूळ तिथे आहे. एका महाराजांच्या मर्जीवर जे अवलंबून होते, ते सरकारी अंदाजपत्रकात आले. १९४५ मध्ये त्यांनी ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ स्थापन केली. १९५० मध्ये तिचे कॉलेज औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या आणि आमच्या बाजूच्या गरीब मुलांना त्याने जवळचा दरवाजा दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, दरवाजा राहिला.

दुसरबीडसारख्या कोरडवाहू भागातल्या गावातून आजही मुले शहरात शिकायला जातात. त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. पण अडचण तारीख पाहून येत नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर बाप अंथरुणाला खिळतो, सोयाबीन पाण्यात जाते आणि खोलीचे भाडे थकते. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण खात्यात जमा व्हायला महिने लागतात. बँकेत मी अनेक वर्षे शैक्षणिक कर्जाचे अर्ज पाहिले. कर्ज फीचा विचार करते. मूल कॉलेज सोडते ते बरेचदा दोन महिन्यांच्या खानावळीपायी.

म्हणून प्रत्येक कॉलेजात प्राचार्यांच्या हाती एक लहानसा निधी असावा, फारसे कागद न मागता आठवड्याच्या आत देता येईल असा. माजी विद्यार्थ्यांनी, गावातल्या नोकरदारांनी वर्षाकाठी थोडे थोडे टाकले तरी तो उभा राहील. सयाजीराव आणि शाहू महाराज होणे आपल्या आवाक्यात नाही. नवल भथेना होणे मात्र बऱ्याच जणांना जमण्यासारखे आहे.