सर दोराबजी टाटा

यंदा आमच्या शाळेच्या क्रीडादिनी कर्करोगपीडितांसाठी मदतनिधी जमवावा, आणि ते सामने एखाद्या दिवंगत क्रीडाप्रेमी पुरुषाच्या स्मरणार्थ भरवावेत, असे ठरले. नाव कोणाचे द्यावे, यावर वर्गावर्गांतून पुष्कळ वाद झाला. आम्ही सर दोराबजी टाटा यांचे नाव सुचविले, तेव्हा कित्येकांनी विचारले की, पोलादाच्या कारखानदाराचा आमच्या रानातल्या जिल्ह्यांशी व खेळांशी संबंध काय? त्यास उत्तर म्हणून हे अल्पचरित्र.

दोराबजी हे जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ चिरंजीव. जन्म 27 ऑगस्ट 1859, मुंबई. केंब्रिज येथे शिकत असता क्रिकेट व फुटबॉल यांत त्यांनी नाव मिळविले. 1904 च्या सुमारास लोखंडाच्या शोधार्थ, वेल्ड नामक अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञासह, ते आमच्या चांदा जिल्ह्यात आले. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे. धड रस्ते नाहीत, पाण्याचे दुर्भिक्ष, अशा अरण्यातून हा श्रीमंताचा पुत्र हिंडला. लोहाऱ्यास उत्तम खनिज आढळले, परंतु ते वितळविण्याजोगा कोळसा जवळपास नसल्याने बेत सोडून द्यावा लागला. पुढे साकची येथे कारखाना निघाला, हे सर्वश्रुतच आहे.

खेळांचे वेड मात्र सुटले नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तेथे अनवाणी धावणारे शेतकरी पाहून त्यांच्या मनाने घेतले की, या गड्यांस जागतिक मैदान दाखवावे. 1920 साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू गेले, ते मुख्यत्वे त्यांच्या खटपटीने व पदरच्या पैशाने. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. पदक नाही, हे खरे. परंतु आम्हांस तो एकोणिसावा क्रमांक लहान वाटत नाही.

त्यांच्या पत्नी मेहरबाई याही खेळाडू. साडी नेसून टेनिस खेळत व बक्षिसे जिंकीत. 18 जून 1931 रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. दोराबजींस अपत्य नव्हते. वर्षाच्या आत त्यांनी पत्नीच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापिला, आणि आपली बहुतेक सारी संपत्ती दुसऱ्या एका न्यासाच्या स्वाधीन केली. पत्नीच्या समाधीच्या दर्शनास विलायतेस निघाले असता, 3 जून 1932 रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. त्याच न्यासाच्या द्रव्यातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. कर्करोगी म्हणजे मेलेलाच, अशी समजूत असण्याचे ते दिवस!

ज्या चांद्याहून दोराबजी रिकाम्या हाती परतले, त्याच चंद्रपुरात अलीकडे टाटा न्यासांच्या सहभागाने कर्करोग रुग्णालय उभारले गेले आहे. भामरागड, एटापल्लीकडून उपचारास येणाऱ्यांच्या वाटखर्चासाठी क्रीडादिनी मैदानाच्या दाराशी पेटी ठेवली जाईल. पालकांनी अवश्य यावे. शेवटची शर्यत त्यांच्यासाठीच राखली आहे.