भीतीतही हसवणारा लक्ष्या

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत मराठी घरांत ‘तात्या विंचू’ हे नाव आजही नव्याने सांगावे लागत नाही. मेलेला गुंड बाहुल्याच्या रूपाने परत येतो आणि एका साध्याभोळ्या तरुणाच्या देहावर हक्क सांगतो, अशी ‘झपाटलेला’ची कथा. १९९३ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट आज पुन्हा पाहताना नजर मात्र बाहुल्यावरून त्याला घाबरणाऱ्या माणसाकडे वळते. तो माणूस म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे.

२६ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता त्यांनी किरकोळ भूमिका केल्या. रंगभूमीवर बरीच वर्षे उमेदवारी केल्यानंतर १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’ने त्यांना नाव मिळवून दिले. महेश कोठारे यांच्या १९८५ मधील ‘धुमधडाका’ने ते घराघरांत पोहोचले. ‘दे दणादण’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘थरथराट’ अशी यशाची रांगच लागली. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ने हिंदी प्रेक्षकांनाही त्यांची ओळख झाली.

या यशाने त्यांना भरभरून दिले, तसेच बांधूनही ठेवले. पडद्यावर लक्ष्या दिसला की प्रेक्षक तो बोलण्याआधीच हसू लागत. विनोदापलीकडचा नट दाखवण्याची संधी १९९२ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’ने दिली. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, ना. धों. महानोर यांची गीते आणि तमाशातील सोंगाड्या ते चित्रपटतारा असा प्रवास करणारा नायक. न हसणाऱ्या मुलीला हसवू पाहणारा हा विदूषक बेर्डे यांनी जीव ओतून उभा केला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तिकीटबारीवर गर्दी झाली नाही. लोकांना त्यांचा लक्ष्याच हवा होता.

पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला. १९८८ मधील ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाशी त्याच्या मूळ कल्पनेचे साम्य आहे. माती मात्र अस्सल मराठी. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचूला आवाज आणि ठसका दिला, तर रामदास पाध्ये यांनी बाहुल्याला हालचाल. तेव्हा संगणकाची किमया हाताशी नव्हती. बाहुल्याच्या चेहऱ्यावर भाव फारसे बदलत नाहीत. त्यामुळे भीती खरी वाटायची तर ती समोरच्या नटाच्या डोळ्यांत दिसणे भाग होते. बेर्डे यांनी ते काम चोख केले. बाहुला जिवंत आहे, हे ओरडून सांगणाऱ्या लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रेक्षक हसतात, पण त्या हसण्याखाली एकट्या पडलेल्या माणसाची घालमेल आहे. ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांच्या आईची भूमिका करणाऱ्या मधू कांबीकर येथेही त्यांच्या आईच्या भूमिकेत आहेत. विदूषकात जे दुःख प्रेक्षकांनी नाकारले, त्याचाच अंश त्यांनी या भयपटात नकळत स्वीकारला, असे आज म्हणता येते.

१६ डिसेंबर २००४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने बेर्डे यांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे ५०. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. तात्या विंचू परतला. कथेत लक्ष्याचा मुलगा होता, लक्ष्या नव्हता. तंत्र पुढे गेले होते, बाहुला अधिक सफाईने हलत होता. तरीही आठवणीत राहिला तो पहिलाच चित्रपट. बाहुला पुन्हा घडवता येतो. त्याला जिवंत मानून थरथरणारा नट पुन्हा घडवता येत नाही.