निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

सातारा शहरानजीक कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या पवित्र संगमावर वसलेले श्रीक्षेत्र माहुली ही पेशवाईतील विख्यात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची जन्मभूमी होय. संगमस्नान व श्रीविश्वेश्वराच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांनी या थोर पुरुषाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

रामशास्त्रींचे बालपण गरिबीत गेले. साताऱ्यात एका सावकाराच्या घरी ते चाकरीस होते, असे सांगतात. पुढे विद्येच्या ओढीने त्यांनी काशीची वाट धरली आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्याकडे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. इ.स. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत आले व १७५९ मध्ये न्यायाधीशपदी नियुक्त झाले.

थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात अधिक काळ घालवू लागले, तेव्हा प्रजेचे पालन हाच राज्यकर्त्याचा खरा धर्म असल्याची स्पष्ट जाणीव रामशास्त्रींनी त्यांना करून दिली, अशी आख्यायिका आहे. माधवरावांनीही ती थोर मनाने मानली. १७७२ मध्ये थेऊर येथे त्यांचे निधन झाले आणि धाकटे बंधू नारायणराव पेशवेपदावर आले.

दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणरावांचा वध केला. प्राणरक्षणासाठी त्यांनी चुलते रघुनाथराव यांना मिठी मारली होती, तरीही ते वाचले नाहीत. त्यानंतर पेशवेपद रघुनाथरावांकडेच गेले. कुणी भयाने, तर कुणी स्वार्थाने मौन धरले. ज्यांच्यावर संशय होता, तेच आता राज्याचे धनी होते आणि रामशास्त्री त्यांचेच सेवक होते.

अशा बिकट प्रसंगी शास्त्रीबुवांनी कसून चौकशी केली. या कृत्यात रघुनाथरावांचा हात असल्याचे आढळताच त्यांनी थेट त्यांच्यासमोर दोष सांगितला व या पातकास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयाची अंमलबजावणी करण्याचे बळ त्यांच्या हाती नव्हते. परंतु अन्यायाच्या छायेत पदाचा मान भोगणे त्यांनी नाकारले. मानाची जागा व वेतन सोडून ते पुण्याबाहेर पडले आणि वाई परिसरातील एका खेड्यात जाऊन राहिले.

मात्र त्यांचा शब्द वाया गेला नाही. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदी कारभारी एकत्र आले व बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला व पेशवेपद त्यांच्याकडे आले. रघुनाथरावांना इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. बारभाईंच्या कारभारात रामशास्त्रींना सन्मानाने परत बोलावून न्यायासन पुन्हा त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. घरी एका दिवसापुरतीच शिधासामग्री ठेवावी, असा त्यांचा नेम होता, असे सांगितले जाते. ज्याला साठवण्याचा मोह नाही, त्याला गमावण्याचे भयही नसते.

इ.स. १७८९ मध्ये रामशास्त्रींनी इहलोकीची यात्रा संपविली. सत्तेपुढे सत्य सांगण्याचा प्रसंग लहानमोठ्या रूपाने प्रत्येकाच्या जीवनात येतो. संगमावर हात जोडताना या निर्भय न्यायाधीशाचे स्मरण व्हावे आणि कर्तव्याचे बळ प्रत्येक भाविकास लाभावे, हीच श्रीविश्वेश्वरचरणी प्रार्थना.