व्हिटो व्होल्टेरा: जंगलाचा हिशोब गणितात मांडणारा माणूस

डिसेंबर २०१९ मध्ये एक तरुण वाघ ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अमडापूरकरांसाठी हे शेजारचंच जंगल. टिपेश्वरहून तो सुमारे १,३०० किमी चालून आला होता आणि गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा रस्ता नकाशावर दिसत होता. तरुण वाघ स्वतःची जागा शोधायला असेच बाहेर पडतात. कारण फोनच्या स्टोरेजसारखीच जंगलालाही मर्यादा असते. शिकार, पाणी आणि जागा जितकी, तितकेच वाघ. याला म्हणतात धारण क्षमता.

ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता, पण बिबटे होते. एकाच शिकारीवर दोन प्रजाती किती दिवस जगतील? असे प्रश्न समीकरणात मांडले इटलीच्या व्हिटो व्होल्टेरा यांनी.

त्यांचा जन्म १८६० मध्ये आंकोना शहरातला. दोन वर्षांचे असताना वडील गेले, घरात पैशांची चणचण. तरी २३ व्या वर्षी ते पिसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात पन्नाशी उलटल्यावरही सैन्यात गेले.

जीवशास्त्रात त्यांना ओढलं जावयाने. उंबेर्तो द'आंकोना मासळीबाजाराचे आकडे तपासत होते. युद्धकाळात मासेमारी घटली, तेव्हा जाळ्यात शिकारी माशांचं प्रमाण चक्क वाढलेलं! असं का?

व्होल्टेरा यांनी दोन समीकरणं लिहिली: एक भक्ष्याचं, एक शिकाऱ्याचं. मासेमारी कमी झाली की सरासरीने फायदा शिकाऱ्याचा होतो, हे त्यातून निघालं. १९२६ मध्ये हे काम छापून आलं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते, म्हणून आज दोघांचं नाव जोडून घेतात. एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन प्रजातींचंही गणित व्होल्टेरा यांनी केलं. बाकी सगळं स्थिर असेल तर शेवटी एकच टिकते, असं उत्तर आलं.

१९३१ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली. सुमारे १,२०० पैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. त्यात व्होल्टेरा होते. रोममधली नोकरी गेली, पण ते झुकले नाहीत. १९४० मध्ये रोममध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांची समीकरणं आज पायथॉनच्या वीसेक ओळींत फोनवरही चालतात. फक्त एक लक्षात ठेवा: त्यातले आकडे स्थिर धरलेले असतात, खरं जंगल तसं नसतं. रस्ता झाला, पाणवठा आटला, की धारण क्षमताच बदलते. म्हणून कोड चालवाल तेव्हा तो आकडा बदलून बघा. खरी गोष्ट तिथून सुरू होते.